दिसतो तसा देह नसतो

(वर्षावास व्याख्यानमालेत अंधेरी येथील विहारात दिलेले भाषण)



सरचिटणीसांनी जेव्हा ‘आरोग्य आणि धम्म’ या विषयावर बोलण्याची विनंती केली, तेव्हा आम्ही आधी नकारच दिला. आम्ही काही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून झालो. आजवरचे आयुष्य दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज-वजाबाकी करण्यात गेले. परंतु दोन वर्षांपूर्वी याच विहारात आमच्या हातून एक चूक घडली. त्या चुकीनंतर जे विचारले, वाचले आणि समजून घेतले, ते आपल्यापुढे मांडणे हे आमचे कर्तव्य आहे, अशा भावनेने आज उभे राहिलो आहोत.

आपणांस आठवत असेल, १४ एप्रिलच्या जयंतीनिमित्त संस्थेने येथे मोफत आरोग्य शिबिर घेतले होते. एक डॉक्टर मॅडम व दोन परिचारिका आल्या होत्या. वजनाचा काटा आणि नोंदवही आमच्या हवाली होती. नाव, वय, वजन लिहायचे आणि पुढे पाठवायचे, एवढेच काम. रक्तातील साखर तपासण्याच्या पट्ट्या मात्र शंभरच होत्या आणि रांग तर जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत गेलेली. पट्ट्या पुरणार कशा? तेव्हा आम्ही आपल्याच अकलेने एक नियम केला. जाड दिसेल त्याला साखरेच्या टेबलाकडे पाठवायचे आणि सडपातळ दिसेल त्याला ‘तुम्हाला काय धाड भरली आहे?’ असे म्हणून घरी पाठवायचे. हा नियम डॉक्टर मॅडमनी सांगितला नव्हता. आम्हीच केला आणि आमच्या मते तो मोठा हुशारीचा होता.

त्या रांगेत आपल्या वस्तीतले एक काका होते. पालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. अंगाने अगदी काडी. आम्ही त्यांना म्हणालो, “काका, तुम्ही कशाला ताटकळता? तुमच्या अंगावर मांस नाही, साखर कुठून येणार?” सगळे हसले, काकाही हसले आणि काठी टेकत निघून गेले.

त्यांच्या मागे एक ताई होत्या. चार घरी स्वयंपाकाचे काम करतात, अंगाने बऱ्याच स्थूल. आम्ही मोठ्याने म्हणालो, “ताई, तुम्ही आधी पुढे व्हा.” तेव्हाही लोक हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांची साखर तपासली, ती अगदी व्यवस्थित निघाली. जाताना त्या आमच्या टेबलाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “दादा, मी रोज चार इमारतींचे जिने चढते. तुम्ही किती चढता?”

शिबिर संपले तेव्हा तीन पट्ट्या उरल्या होत्या. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “दिवसभर बसला आहात, तुमचाही हात द्या.” आमची उंची पाच फूट तीन इंच, वजन सत्तावन्न किलो. कॉलेजपासून तेवढेच. त्याचा आम्हाला अभिमानही होता. यंत्रावर आकडा आला, २३८. आम्ही म्हणालो, यंत्र बिघडले असेल. मॅडमनी काही न बोलता पिशवीतून शिंप्याची असते तशी टेप काढली आणि आमच्या पोटाभोवती लावली. घेर भरला ९१ सेंटिमीटर. नंतर प्रयोगशाळेत उपाशीपोटी रक्त दिले, साखर १५४ निघाली. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक साखर दोनदा आढळली की मधुमेह मानतात. दुसऱ्या तपासणीतही तेच निघाले.

आणि काका? आठ महिन्यांनी त्यांच्या पायाला लहानशी जखम झाली. ती भरेना. रुग्णालयात नेले तेव्हा साखर चारशेच्या वर होती. पायाचे एक बोट काढावे लागले. त्या दिवशी उरलेल्या तीन पट्ट्यांपैकी एक त्यांच्या हक्काची होती. हे सर्व आम्ही त्यांच्या परवानगीने सांगत आहोत.

बंधू-भगिनींनो, आमचे चुकले कुठे? आम्ही डोळ्यांवर आणि काट्यावर विश्वास ठेवला. आपल्यापैकी पुष्कळांना अंधेरी स्टेशनवरचे ते वजनाचे यंत्र आठवत असेल. रंगीत दिवे, फिरणारी चक्रे, नाणे टाकले की पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडायचे. एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. ती यंत्रे आता फारशी दिसत नाहीत, पण आपली समजूत मात्र तीच राहिली आहे, की वजनाच्या पाठीवर आपले भविष्य छापलेले असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर वजन ही नुसती एकूण बेरीज आहे. ती कोणकोणत्या खात्यांची, हे बेरजेवरून कळत नाही.

महासतिपट्ठान सुत्तात भगवान बुद्धांनी देहासाठी एक दृष्टान्त दिला आहे. दोन्ही बाजूंना तोंड असलेले एक पोते आहे. त्यात साळी, भात, मूग, उडीद, तीळ, तांदूळ अशी निरनिराळी धान्ये भरली आहेत. चांगली दृष्टी असलेला माणूस ते उघडतो आणि हे मूग, हे तीळ, असे एकेक ओळखतो. साधकाने देहाकडेही तसेच पाहावे. केस, नखे, दात, त्वचा, मांस, हाडे, यकृत, चरबी असे एकेक वेगळे करून पाहावे. या उपदेशाचा हेतू देहाची आसक्ती सुटावी हा आहे, साखर तपासणे हा नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु पोते न उघडता त्यात काय आहे ते सांगू नये, ही शिकवण आमच्या टेबलावर त्या दिवशी असती, तर एका माणसाचे बोट वाचले असते.

आता हे पोते उघडून पाहू. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा गट होता ५७ किलोचा. म्हणजे काट्यावर खाशाबा आणि आम्ही जवळजवळ सारखेच! पण त्यांच्या सत्तावन्न किलोंत तालमीत कमावलेले स्नायू होते आणि आमच्या सत्तावन्न किलोंत खुर्चीवर बसून साठलेली चरबी. हा फरक केवळ दिसण्याचा नाही. जेवल्यानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू कमी म्हणजे साखर ठेवायला कोठार लहान.

चरबी कोठे साठली आहे, यालाही फार महत्त्व आहे. त्वचेखालची चरबी डोळ्यांना दिसते, पण ती त्या मानाने गरीब स्वभावाची. पोटाच्या आत, यकृतात आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी दिसत नाही, आणि तीच इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. जपानचे सुमो मल्ल किती अवाढव्य असतात! तरी नियमित सराव चालू असतो तोवर त्यांची चरबी बहुतांशी त्वचेखाली राहते, असे तेथील डॉक्टरांना आढळले. सराव सुटला की दुखणी सुरू होतात. याउलट हातपाय काटकुळे आणि शर्टाच्या आत पोट मात्र मडक्यासारखे, असे किती तरी लोक रोज सकाळी अंधेरीच्या फलाटावर आपल्या शेजारी उभे असतात. त्यांना कोणी जाड म्हणत नाही. आम्हालाही कोणी म्हटले नव्हते.

या प्रश्नाचा मोठा अभ्यास आपल्याच महाराष्ट्रात झाला आहे, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. पुण्याच्या रास्ता पेठेत केईएम रुग्णालय आहे. आपले परळचे ते वेगळे. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत अभ्यास सुरू केला. गर्भारपणाच्या आधीपासून स्त्रियांच्या आहाराची, कामाची आणि शरीराची मापे घेतली आणि पुढे त्यांची बाळे मोजली. या मातांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आणि वजन सुमारे ४२ किलो होते. बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. इंग्लंडमधील साऊदॅम्प्टन येथील बाळांचे सरासरी वजन होते ३.५ किलो. आपली बाळे लहान, हे तर अपेक्षितच होते. पण आश्चर्य पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव पुष्कळच लहान होते, चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटा घेऊन जी चरबी मोजतात, ती तर जवळजवळ टिकून होती. वजनाने किरकोळ, पण आत चरबी राखून असलेले बाळ! २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी त्याला बारीक-लठ्ठ भारतीय बाळ असेच नाव दिले.

पुढच्याच वर्षी, म्हणजे २००४ साली, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याच डॉ. याज्ञिकांचे एक छायाचित्र आले. शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन मोजण्याचा जो बीएमआय नावाचा आकडा आहे, तो दोघांचाही २२.३. म्हणजे काट्याच्या हिशेबाने दोघे सारखे आणि दोघेही निर्दोष. पण विशेष क्ष-किरणांनी तपासल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात. याज्ञिकांनी स्वतःची थट्टा करीत लिहिले, की आपले धावणे म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी ते गाठणे. जन्मतः आपले वजन कमी होते, हेही त्यांनी सांगितले. एवढ्या मोठ्या डॉक्टरने आपलेच पोते जगापुढे उघडून दाखविले! आम्ही घरी येऊन आमचा बीएमआय काढला. तोही २२.३ च निघाला.

असे का होते? आनुवंशिकतेचा वाटा किती, यावर तज्ज्ञांचा अभ्यास चालू आहे. परंतु आईच्या पोटात बाळाला अन्न कमी पडले, तर मेंदूसारखे अत्यावश्यक अवयव सांभाळण्यासाठी शरीर स्नायूंच्या वाट्याला कात्री लावते आणि थोडीशी शिदोरी चरबीच्या रूपाने राखून ठेवते, असे हे संशोधक मानतात. पुढे त्याच देहाला शहरातले बैठे काम आणि भरपूर खाणे मिळाले, की ही काटकसरच अंगावर येते.

हे वाचले तेव्हा आम्हाला आमची आई आठवली. १९७२ च्या दुष्काळात ती शाळकरी वयाची होती. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, तेथे मिळालेली सुकडी खायची, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खायची. लग्न होऊन मुंबईला आली तेव्हा उंची पाच फूटही नव्हती. आमचा जन्म झाला तेव्हा आम्ही सव्वादोन किलोचे होतो, असे ती सांगते. आज तिलाही मधुमेह आहे. आपल्या समाजाच्या कित्येक पिढ्यांनी अर्धपोटी दिवस काढले. ती उपासमार संपली, असे आपण समजतो. पण ती आपल्या देहाच्या खतावणीत लिहिलेली आहे आणि काट्यावर दिसत नाही. त्यात आपल्या आई-आजीचा काडीचाही दोष नाही, हे येथे स्पष्टपणे सांगतो.

मग बीएमआय निरुपयोगी आहे काय? तसे मुळीच नाही. बेल्जियमचे गणितज्ञ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात हे सूत्र मांडले आणि १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला आजचे नाव दिले. मोठ्या लोकसमूहाचा अंदाज घ्यायला ते चांगले आहे, एका माणसाच्या आतले मात्र ते सांगत नाही. म्हणूनच २००९ साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी मर्यादा खाली आणल्या. जगात २५ च्या पुढे वजन जास्त आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा मानतात. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा. शिवाय पोटाचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगितले.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांनी २००५ साली मधुमेहाचा धोका ओळखण्यासाठी शंभर गुणांची एक सोपी पद्धत दिली. त्यात चारच गोष्टी विचारतात. वय किती, पोटाचा घेर किती, शारीरिक श्रम किती आणि आई-वडिलांना मधुमेह आहे का? त्यात वजन विचारतच नाहीत! साठ किंवा अधिक गुण म्हणजे धोका मोठा. आम्ही आमची बेरीज केली. वयाचे २०, घेराचे १०, व्यायाम नाही म्हणून ३०, आईला मधुमेह म्हणून १०. एकूण ७०. शिबिरात वजनाच्या काट्याऐवजी हे चार प्रश्न आमच्या हाती असते, तर काका रांगेतून परत गेले नसते.

हा धोका थोडाथोडका नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज दिला आहे. यांपैकी किती जण आमच्यासारखे ‘सडपातळ’ म्हणून निर्धास्त असतील, याचा विचार करावा.

आता त्या ताईंविषयी. आम्ही त्यांच्या देहाकडे पाहून निकाल दिला आणि तोही चारचौघांत. स्थूलपणा निरुपद्रवी आहे, असे आम्ही म्हणत नाही. त्याने गुडघे झिजतात, रक्तदाब वाढतो, मधुमेहाचा धोकाही वाढतो. पण तपासणीआधी निकाल देण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? भगवंतांच्या संघात लकुण्टक भद्दिय नावाचे एक भिक्खू होते. अंगाने बुटके, दिसायला कुरूप. इतर भिक्खू त्यांना हिणवीत. तेव्हा तथागतांनीच त्या भिक्खूंना सांगितले, की ज्याला तुम्ही हसता तो मोठ्या योग्यतेचा आहे. देहावरून माणसाची पारख करू नका, ही शिकवण आपण जन्म आणि जात यांच्या बाबतीत तोंडपाठ म्हणतो. मग लग्नाच्या परिचयपत्रात ‘वधू सडपातळ हवी’ असे कोणत्या तोंडाने लिहितो? आणि मुलीही बारीक दिसण्यासाठी दुपारचे जेवण टाळतात. विद्यार्थिनींनो, जेवण टाळल्याने काटा खाली येतो, पण चरबीबरोबर स्नायूही जातात. उद्याच्या माता तुम्हीच आहात. पुण्याच्या त्या सहा खेड्यांची कथा अंधेरीत पुन्हा लिहू नका.

खाण्याबद्दल बोलताना कोसलचा राजा प्रसेनजित आठवतो. तो द्रोणभर तांदळाचा भात खायचा. एकदा असाच जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. त्यांनी त्याला सावध राहून, मात्रा ओळखून जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला रोज शंभर कार्षापण देऊन जेवताना ती म्हणावयास लावली आणि हळूहळू भात एका नाळीवर आणला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही, शिक्षाही केली नाही. जेवताना भान ठेव, एवढेच सांगितले. आपल्याकडे शंभर कार्षापण नाहीत, पण जेवताना टीव्ही बंद करता येतो.

आणि ज्यांच्या जयंतीला ते शिबिर झाले, त्या परमपूज्य बाबासाहेबांचे उदाहरण तर आपल्यासमोर आहेच. छायाचित्रांत ती भारदस्त मूर्ती पाहून कोणाला वाटेल, की हा देह आजारी आहे? पण १९४८ पासून त्यांना मधुमेह होता. १९५४ साली ते कित्येक महिने अंथरुणावर होते, दृष्टी अधू झाली होती. तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो लोकांना दीक्षा दिली आणि दोनच महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला, आपल्यातून गेले. त्यांना अवघे ६५ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यांनी अखेरपर्यंत देह झिजविला तो आपल्यासाठी. आपण निदान आपल्या देहाची चौकशी तरी करावी.

काय करावे, ते थोडक्यात सांगतो. घरात एक टेप ठेवावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घेर मोजावा. ‘माझी पँट बत्तीसची’ असे सांगू नये, कारण पँट आपण पोटाच्या खाली बांधतो. वयाची तिशी ओलांडली की बारीक असो वा जाड, पालिकेच्या दवाखान्यात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. ताटात भात थोडा कमी आणि डाळ, उसळ, अंडी, भाजी थोडी अधिक घ्यावी. रोज अर्धा तास भरभर चालावे आणि जिना दिसला तर चढावा, म्हणजे स्नायूंचे कोठार वाढते. औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. आमची गोळी चालू आहे. दोन वर्षांत वजन एका किलोनेच उतरले, पण घेर ९१ वरून ८५ वर आला आहे आणि उपाशीपोटीची साखर ११० च्या आसपास राहते. काट्याला विचारले असते, तर त्याने ‘काही फरक नाही’ असेच सांगितले असते.

येत्या जयंतीला पुन्हा शिबिर आहे. कार्यकारिणीला आमची नम्र विनंती आहे, की नोंदवहीत वजनाच्या रकान्याशेजारी पोटाच्या घेराचा रकाना आखावा आणि साखरेची तपासणी रांगेच्या क्रमानेच व्हावी. पट्ट्या कमी पडल्या, तर त्यांचा खर्च आम्ही देऊ. महाकाली लेणी, म्हणजे आपली कोंडिविट्याची प्राचीन बौद्ध लेणी, येथून दूर नाही. दर रविवारी सकाळी सहाला विहारापासून तेथील स्तूपापर्यंत चालत जाण्याचे आम्ही ठरविले आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे.

काका समोरच बसले आहेत. रविवारी तुमचा पाय साथ देईल तेवढेच चालू, काका. आम्ही तुमच्याबरोबर हळू चालू. त्या दिवशी तुम्हाला रांगेतून परत पाठविले, त्याबद्दल या भरल्या विहारात आम्ही तुमची क्षमा मागतो. ताई, तुमचीही.